वेताळ वाचायचा तर मुळापासून



इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली.
टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं ती काढली.
मराठीतही ती निघत असे.
तिचा पहिला नायक म्हणजे ली फॉक यांचा फँटम.
मराठी वाचकांचा लाडका वेताळ!

वेताळाची खरी गंमत त्याच्या मूळकथेत आहे.
समुद्री चाचे एका खलाशाला ठार मारतात.
मुलगा तेवढा वाचतो, किनाऱ्याला लागतो.
बापाच्या खुन्याची कवटी हातात धरून तो शपथ घेतो.
अन्यायाशी लढण्याची शपथ.
त्याच्यानंतर तीच शपथ त्याचा मुलगा घेतो.
मग नातू, मग पणतू.
मुखवटा तोच, माणूस नवा.
जंगलातल्या लोकांना मात्र वेताळ अमर वाटतो.

म्हणून नव्या वाचकानं आधी ही मूळकथाच वाचावी.
ती ठाऊक असली, की प्रत्येक चौकट बोलू लागते.
वेताळाचा ठोसा बसला, की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते.
ती खूण उमटवणारी अंगठी उजव्या हातातली.
डाव्या हातातल्या अंगठीची खूण वेगळी.
ती ज्याला मिळाली, त्याला वेताळाचं अभय!

चित्रांसाठी साय बॅरी यांनी काढलेल्या कथा जरूर मिळवाव्यात.
त्यांचं जंगल दाट आहे, चेहरे जिवंत आहेत.

पण श्रोतेहो, आधी मूळकथा.

त्यानंतर आबिद सुरती यांचा बहादूर वाचावा.
हा इंद्रजालचाच अस्सल भारतीय नायक.
अंगात केशरी कुर्ता आणि जीन्स.
बाप डाकू, आणि मुलगा डाकूंशीच झुंजणारा.
इंद्रजाल १९९० साली बंद झाली.
जुने अंक आता रद्दीच्या दुकानांत आणि संग्राहकांकडे शोधावे लागतात.