दप्तरात नसलेली बाई

ऐतिहासिक कादंबरी वाचायची कशी, यावर आज बोलू. त्यातही अत्याचार सोसलेली बाई न्याय मागायला निघते, अशी कादंबरी. उदाहरण शोधायला लांब जायला नको. चिंचवडचा चापेकर चौक तुमच्यापैकी कित्येकांच्या कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे.

२२ जून १८९७, चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. तारीख शाळकरी पोरांनाही पाठ असते. जयू आणि नचिकेत पटवर्धनांच्या १९७९ च्या चित्रपटाचं नावच ही तारीख आहे. त्याआधीचे महिने मात्र आपण भरभर उलटतो. प्लेगच्या झडतीत गोरे सोजीर पुण्यात घरोघर शिरत होते, सामान रस्त्यावर येत होतं, काखेत-जांघेत गाठ आहे का म्हणून बायामाणसं तपासली जात होती. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत गेलेले. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं, की सोजिरांनी दोन बायकांवर बलात्कार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला. सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे नावानिशी पुढे येईनात. मुंबईला परतल्यावर ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली.

आता दप्तर उघडा. दामोदर चापेकरांनी कोठडीत लिहिलेलं आत्मवृत्त आहे, गोखल्यांची माफी आहे, प्लेगचे सरकारी अहवाल आहेत. त्या दोघींची एक ओळ नाही. नाव नाही, वय नाही, पेठसुद्धा नाही.

रोममध्ये नेमकं उलट घडलं. आर्तेमिझिया जेंतिलेस्की ही चित्रकार. तिच्यावरच्या बलात्काराचा खटला १६१२ साली चालला आणि त्यातली तिची जबानी आजही वाचायला मिळते. खरं बोलते की नाही हे पाहायला भर चौकशीत तिच्या बोटांना दोऱ्या आवळल्या होत्या. चित्र काढणारी बोटं ती! तिच्यावर आन्ना बांती या इटालियन लेखिकेने कादंबरी लिहिली. १९४४ मध्ये युद्धात हस्तलिखित नष्ट झालं, तेव्हा बाईंनी ती पुन्हा लिहिली, १९४७ साली छापली. पुस्तकात लेखिका आणि आर्तेमिझिया एकमेकींशी बोलतात. एवढी जबानी हाताशी असूनही लेखिका म्हणत नाही की मला हिच्या मनातलं सगळं कळलं. हा संकोच मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे तर जबानीच नाही. मग लेखकाचा कस कुठे लागतो? समजा, अशी कादंबरी तुमच्या हातात आहे. दारावर लाथ, अंधार, एक किंकाळी, आणि पुढच्या प्रकरणात कुणा तरुणाचं रक्त खवळतं. इथे खुशाल पुस्तक मिटा. त्या बाईचा उपयोग काडेपेटीतल्या काडीइतकाच केलाय. चांगला लेखक झडतीच्या आधीच तिची ओळख करून देतो. ती पाण्यावरून शेजारणीशी कशी भांडते, माहेरी काय कळवते, कुणाला घाबरते. अत्याचाराच्या क्षणी तो फार रेंगाळत नाही. रेंगाळतो तो नंतर. सोजीर गेलेत, भांडी अंगणात पडलीत, सासू विचारते, "देवघरात शिरले होते का गं?" आणि सून म्हणते, "नाही." एवढंच. वाचताना इथे थांबायचं. सासूला खरंच काय विचारायचं होतं, सुनेने कशाचं उत्तर दिलं, हे लेखकाने तुमच्यावर सोपवलंय.

पुढचा प्रश्न, ती सांगणार कुणाला? तिच्या तोंडी आजच्या मोर्च्यातली भाषा आली तर समजा, लेखकाला घाई झाली आहे. १८९७ सालची वाड्यातली बाई हक्क, अन्याय असे शब्द वापरेलच असं नाही. ती कदाचित म्हणेल, मला आता या घरात पाणी गोड लागत नाही. आणि कोर्टात गेलीच, तर १८७२ च्या पुरावा कायद्यात तिची चालचलणूक मुळातच वाईट असल्याचं दाखवून तिची साक्ष पाडायची सोय होती. हे कलम २००३ पर्यंत टिकलं, म्हणजे तुमच्याआमच्या डोळ्यांदेखत. चांगली कादंबरी हा कायदा टिपेत सांगत नाही. वकिलाच्या पायरीवर नवरा घुटमळतो आणि आल्या पावली परत फिरतो, त्यात तो कायदा दिसतो.

मला विचाराल तर या विषयावरची कादंबरी २२ जूनला सुरूच होऊ नये. ती ऑगस्टमध्ये सुरू व्हावी. गोखल्यांच्या म्हणण्यानुसार एकीने जीव दिला होता. म्हणजे दुसरी त्या पावसाळ्यात कदाचित जिवंत होती. ओसरीवर कुणीतरी मोठ्याने वर्तमानपत्र वाचतंय, गोखल्यांनी माफी मागितली, आरोप मागे घेतले. ती आत तांदूळ निवडतेय. बाहेर पुरुष गोखल्यांना भित्रा म्हणताहेत, टिळकांचं नाव घेताहेत, वाद रंगलाय. आतून ती काही बोलते की नाही, बोलली तर नेमकं काय, हे पहिल्याच पानावर ठरवायची हिंमत लेखकाकडे हवी.