गोष्टीतली काकू
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण करणे माझे काम नव्हे. पण चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून चार शब्द बोलते.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा आमच्याकडेच वाढला. त्याच्याबरोबर बसून मी दोन इंग्रजी चित्रपटमालिका पाहिल्या. एक १९७७ साली सुरू झालेली ‘स्टार वॉर्स’. दुसरी ‘हॅरी पॉटर’, २००१ ते २०११ या काळातली, आठ चित्रपटांची. एकीत आकाशातली याने, दुसरीत जादूची शाळा. पण गोष्टीची वीण एकच!

ल्यूक काका-काकूंकडे वाढतो, हॅरी मावशीकडे. दोघांनाही वडिलांविषयी खोटेच सांगितलेले असते. मग बाहेरचा कोणी येऊन खरे सांगतो आणि मुलगा घर सोडतो. पुढे दोघांचेही वृद्ध गुरू, ओबी-वान आणि डम्बलडोर, मध्येच मरतात. असे का? आईबाप घरी असते, तर त्यांनी पोराला उंबरठा ओलांडू दिला नसता. गुरू पाठीशी असता, तर शिष्याला एकट्याने लढावे लागले नसते. म्हणून गोष्ट सांगणारा आधी वाट मोकळी करतो. यशोदेच्या कृष्णाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचेच वाटेल.

हॅरीची मावशी त्याला जिन्याखालच्या कपाटात झोपवते. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्याला ते कसे रुचावे! ल्यूकची काकू बेरू मात्र मायाळू. काका म्हणतात, आणखी एक हंगाम थांब. काकू त्यांना सांगते, हा शेतीत रमायचा नाही. पुढे शिपाई घर जाळतात, दोघेही जातात, आणि मगच ल्यूक निघतो.

हे पाहून माझ्या पोटात कालवले. त्याच सुमारास आमच्या मुलाने बोटीवरच्या नोकरीचे नाव काढले होते. हे म्हणाले, “वर्षभर थांब.” मी गप्प राहिले होते. पोटचा असता तर धाडला असता का, असे लोक म्हणतील, ही भीती! त्या रात्री मात्र मी ह्यांच्याशी बोलले. पटायला आठ दिवस लागले.

निघताना तो हसून म्हणाला, “काकू, घर शाबूत ठेव हं!”

गोष्टीत मुलगा निघाला की काकूचे काम संपते. आपले तसे नाही, भगिनींनो. तो सुट्टीवर येतो, तेव्हा दार उघडायला मीच असते.