काशीतील नऊ दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही काही प्रवासवर्णनपर बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही साहित्यिक नव्हे. उभा जन्म पोलादाच्या पत्र्यांची जाडी मोजण्यात गेला, आणि प्रवास घडले ते बहुतेक कारखान्याच्या खर्चाने व कारखान्याच्या कामापुरते. तरीही एका प्रवासाविषयी बोलावयाचे बरेच दिवस मनात होते. आपल्या मंडळाच्या इतिहासातील एका लहानशा गोष्टीशी त्याचा संबंध आहे, आणि ती गोष्ट स्मरणिकेच्या अहवालात कोठेही सापडणार नाही.

सन १९८६च्या जानेवारीत आम्हां चौघांना वाराणसीस पाठविण्यात आले. तेथील रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात एका मालाची संयुक्त तपासणी व्हावयाची होती. हा कारखाना १९६१ साली स्थापन झाला आणि १९६४ साली त्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. २०२०मध्ये त्याचे नाव बदलले असून आता तेथे विजेची इंजिने होतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र डिझेलचाच दरारा होता. चौघांपैकी तिघे आपल्या मंडळाचे सभासद, चौथे आमचे एक बंगाली मित्र. काम तीन दिवसांचे. धनबादेस गाडी धरली, मोगलसराय मागे टाकले, आणि पहाटे १८८७ सालच्या त्या जुन्या पुलावरून घाटांची चंद्रकोर दृष्टीस पडली. गंगा येथे उत्तरवाहिनी होते, त्यामुळे सूर्य पलीकडच्या ओसाड वाळवंटावर उगवतो आणि त्याचे ऊन समोरून थेट पायऱ्यांवर येते. आमच्यातील एकाने नकळत हात जोडले. दुसऱ्याने घड्याळ पाहिले. ते घड्याळ पाहणारे आम्हीच.

चाचणीचे नमुने दुसऱ्या गावाहून यावयाचे होते, ते वाटेत कोठे तरी अडकले. 'कल आ जाएगा' हे वाक्य आम्ही सलग सहा दिवस ऐकले. आपल्याकडे भोंग्यावर दिवस उगवतो आणि भोंग्यावर मावळतो. तेथे दुकानाची फळी केव्हा उघडेल, हे दुकानदारासही ठाऊक नसते. पान लावणारा मनुष्य पान लावताना बोलत नाही आणि लावून झाल्यावर बोलणे थांबवीत नाही. पहिले दोन दिवस आम्ही चडफडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी चौखंब्याच्या बाजूस मातीच्या कुल्हडातून 'मलइयो' नावाचा दुधाचा केशरी फेस खाल्ला. तो थंडीतच होतो, दवात ठेवलेल्या दुधापासून करतात, आणि ऊन चढले की विरून जातो. तेव्हापासून आमची चडफड थोडी कमी झाली, एवढे कबूल केले पाहिजे.

संक्रांत नुकतीच झाली होती. निघताना आपल्या मंडळातील एका भगिनीने तिळगुळाचा डबा आमच्या स्वाधीन केला होता. दुर्गाघाटाजवळ त्यांच्या नात्यातील एक वृद्ध बाई राहत असत, त्यांना तो पोचवावयाचा होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी, दुसरे काही काम नाही म्हणून, आम्ही चौघे निघालो. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सारा भाग मराठी माणसांचा. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर येथे येऊन राहिले, आणि त्यांच्या मागोमाग कित्येक घराणी आली. त्याहीपूर्वी पैठणचे भट्ट घराणे काशीस स्थायिक झाले होते. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातील. विश्वनाथाचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधविले. शिंदे घाट, भोसले घाट ही नावे तर आपण ऐकलीच आहेत. आम्हीही ऐकली होती, आणि ती ऐकून छाती फुगवून घेतली होती. परंतु त्या गल्ल्यांत चालताना छाती फुगविण्यास जागाच नसते. समोरून बैल आला की भिंतीस चिकटून उभे राहावे लागते.

घर सापडले. जिना अंधारा, वर उजेडाचा चौक. आजींचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे असावे. नऊवारी नेसलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. डबा हाती घेऊन त्यांनी आधी कपाळास लावला, मग विचारले,

"तुमचे गाव कोणते?"

आम्ही आपल्या या पोलादाच्या गावाचे नाव सांगितले.

"ते नोकरीचे झाले. गाव कोणते?"

एकाने सातारा जिल्हा सांगितला, एकाने रत्नागिरी. "तिकडे घर आहे?" घर नव्हते. "जाता?" अकरा वर्षांत गेलो नव्हतो. आजी हसल्या. "मी तर पाहिलेसुद्धा नाही. आमची पाचवी पिढी इथे. पण विचारले की पैठणच सांगतो." त्यांच्या मराठीला हिंदीचे वळण होते, पण शब्द असे जुने की आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेले, पुढे कोणाच्या तोंडून न ऐकलेले.

कोनाड्यात एकनाथी भागवताची पोथी होती. नाथांनी तो ग्रंथ १५७३ साली काशीतच पुरा केला. आजी ते अशा सुरात सांगत होत्या की, जणू शेजारच्या घरातील गोष्ट असावी. पोथीशेजारी त्या दिवसाचा 'आज' पडला होता. सकाळी हिंदी वर्तमानपत्र आणि तिन्हीसांजेस पोथी, असा त्यांचा परिपाठ.

आजींचा नातू एका महाविद्यालयात हिंदी शिकवीत असे. 'आज'वरून त्याने बाबूराव विष्णु पराडकरांचा विषय काढला. पराडकर काशीत १८८३ साली जन्मले, घराणे कोकणातील. १९२० साली निघालेल्या 'आज'ला त्यांनी संपादक म्हणून घडविले, आणि १९३०च्या सत्याग्रहात छापखान्यावर संकट आले तेव्हा 'रणभेरी' गुप्तपणे चक्रमुद्रित करून वाटली. आपण ज्याला 'राष्ट्रपती' म्हणतो तो शब्द रूढ करण्याचे श्रेयही हिंदीवाले त्यांना देतात. मैदागिनला आज त्यांच्या नावाचे स्मृतिभवन आहे. नातू पुढे म्हणाला, त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर, त्यांनी बंगालीत 'देशेर कथा' लिहिली, १९०४ साली.

आमचे बंगाली मित्र इतका वेळ गप्प बसले होते, ते ताठ झाले. 'देशेर कथा' त्यांना ठाऊक होती. इंग्रज सरकारने १९१० साली ती जप्त केली, हेही ठाऊक होते. लेखक मराठी, हे मात्र नव्हते. "आम्ही त्यांना आमचेच समजत होतो," ते म्हणाले. देउस्करांचे जन्मगाव करौं देवघरजवळ, म्हणजे आपल्याच मुलखात. तीस-तीस वर्षे येथे काढून आम्हां तिघा मराठी माणसांस त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा आमच्यातील एक सहकारी आजींना म्हणाले, "मराठी माणूस हिंदीत लिहितो म्हणून इथे कोणी रागावले नाही?"

प्रश्न आजींना होता, पण तो कोणासाठी आहे हे आम्हांस तत्क्षणी कळले. येथे 'आम्ही' म्हणजे केवळ हे बोलणारा. आदल्या वर्षी, १९८५च्या गणेशोत्सवात, मंडळाने मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय 'माझे गाव'. या सहकाऱ्यांच्या बारा वर्षांच्या मुलाने निबंध हिंदीत लिहिला. गाव म्हणून त्याने हेच गाव घेतले होते: भट्टीचा रात्रीचा तांबडा उजेड, छठच्या दिवशी तलावावर जमणारी गर्दी, शाळेच्या वाटेवरची पलाशाची झाडे. परीक्षक तिघे होतो. उरलेल्या निबंधांत कोकणातील नारळ होते, देवळे होती, बहुतेक आईबापांनी सांगून लिहविलेली. त्या मुलाचा निबंध सर्वांत चांगला होता, हे तिघांनाही दिसत होते. आम्ही तो नियमाबाहेर म्हणून बाजूस ठेवला, आणि वर लाल शाईने 'मातृभाषेत लिहावे' असा शेरा मारला. अक्षर आमचे. मुलाच्या वडिलांनी चार महिन्यांत त्याविषयी एक शब्दही काढला नव्हता; कारखान्यात रोज शेजारच्या टेबलावर बसत होते.

आजी म्हणाल्या, "रागवायचे कशाला? ज्या गावात राहायचे, त्या गावाला वाचता आले पाहिजे ना!" आणि चहा टाकावयास उठल्या.

परतीच्या वाटेवर घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही त्यांच्याजवळ विषय काढला. नियम नियम असतो, मंडळ मराठीसाठी आहे, येथे मराठी टिकली नाही तर मंडळ कशाला, असे सारे बोललो. ते बोलणे खोटे होते असे आजही वाटत नाही. आजींच्या घरी मराठी पाच पिढ्या टिकली, ती कोणी तरी कटाक्ष ठेवला म्हणूनच ना? त्यांनी सर्व ऐकून घेतले. म्हणाले, "बरोबर आहे. पण तो शेरा लाल शाईने नसता लिहिला तरी चालले असते." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. पाण्यावर धुके होते, आणि कोणत्या तरी होडीतील कंदील एकाच जागी हलत होता.

नमुने आठव्या दिवशी आले, तपासणी दीड तासात आटोपली. निघण्यापूर्वी आजींच्या नातवाने तो डबा धर्मशाळेत आणून दिला. डबा रिकामा परत करू नये म्हणून त्यात लाल पेढे भरले होते.

१९८७च्या स्पर्धेत हिंदी आणि बंगाली लेखनाचा वेगळा विभाग ठेवावा, असा ठराव आम्ही मांडला. तासभर खडाजंगी झाली, दोन सभासदांनी राजीनामे देऊ केले, शेवटी तो मंजूर झाला. पहिल्या वर्षी त्या विभागात तीन निबंध आले. पाकिटे फोडताना आम्ही त्या मुलाचे अक्षर शोधीत होतो. तिन्हींत ते नव्हते, आणि पुढे कोणत्याही वर्षी, कोणत्याही विभागात, ते आले नाही.