पावसाचा निरोप आणि त्याचें व्याकरण

सन 2005 च्या जुलै महिन्याची 26 तारीख मुंबईच्या उपनगरांत राहणारा मनुष्य सहसा विसरत नाहीं. आषाढांतील तो दिवस नेहमींसारखाच उजाडला. लोक छत्र्या घेऊन कामावर गेले; आणि दुपारनंतर सांताक्रूझ, कुर्ला, अंधेरी या बाजूस असा पाऊस कोसळला कीं, कित्येकांस ती रात्र कचेरींत, बसच्या टपावर किंवा परक्याच्या घरीं काढावी लागली. दुसऱ्या दिवशींच्या सकाळीं साडेआठ वाजेपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेनें 944 मिलिमीटर पाऊस नोंदला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तेव्हां अंगणाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 944 लिटर, म्हणजे घरांतल्या साध्या बादलीनें साठांहून अधिक बादल्या पाणी एका दिवसांत ओतलें गेलें. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेंत मात्र अवघा 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. फोर्टातील कचेरींत बसलेल्या गृहस्थाला खिडकीबाहेर पाहून आपल्या उपनगरांतील बिऱ्हाडावर कोणता प्रसंग गुदरला आहे, हें समजणें शक्यच नव्हतें.

पाऊस मोजण्याचें यंत्र असणें ही एक गोष्ट, आणि मोजलेला आंकडा ज्याला हवा त्याच्या हातीं वेळेवर पडणें ही दुसरी गोष्ट. पहिलीवांचून दुसरी संभवत नाहीं; परंतु पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप घडते असेंही नाहीं. या दुसऱ्या गोष्टीचाच विचार आज कर्तव्य आहे.

त्या आपत्तीनंतर 2006 मध्यें महानगरपालिकेनें शहरांत आणि उपनगरांत स्वयंचलित पर्जन्यमापकांचें जाळें उभारलें. त्यांपैकीं पुष्कळशीं यंत्रें अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर बसविण्यांत आलीं आणि दर पंधरा मिनिटांनीं तीं आपला आंकडा नियंत्रण कक्षाकडे पाठवूं लागलीं. पुढें 12 जून 2020 रोजीं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानें महानगरपालिकेच्या सहकार्यानें ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरसूचनेची यंत्रणा सुरू केली. अशा पर्जन्यमापकाची एक सामान्य रचना मोठी साधी असते. नरसाळ्यांतून आलेलें पाणी एका लहानशा दुहेरी पळींत पडतें. ठराविक पाणी सांचलें कीं पळी कलंडते, दुसरी बाजू वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद विद्युत्-संकेतानें होते. कलंडणीं मोजलीं कीं पाऊस मोजला गेला.

आतां हा आंकडा घरच्या संगणकापर्यंत कसा येतो? त्याला दोन वाटा आहेत. पहिली वाट मनुष्याच्या डोळ्यांसाठीं असते. पडद्यावर नकाशा, रंग आणि चित्रें दिसतात, वाचणारा तीं पाहून समजतो. परंतु यंत्राला चित्रांचा उपयोग नाहीं. यंत्रासाठीं निराळी खिडकी उघडलेली असते; तिला एपीआय असें म्हणतात. रेल्वेस्टेशनवर चौकशीची खिडकी असते, तिच्याशीं हिचें बरेंच साम्य आहे. खिडकींत बसलेल्या कारकुनाला गप्पागोष्टींत रस नसतो. प्रश्न ठरलेल्या रीतीनें विचारावा, ठरलेल्या नमुन्यांतच उत्तर घ्यावें, आणि मागच्याला जागा करून द्यावी. कोणत्या खिडकीवर काय विचारावें आणि उत्तर कोणत्या रूपांत मिळेल, हें आधींच लिहून ठेवलेलें असतें. कांहीं खिडक्या सर्वांस मोकळ्या असतात. कांहीं ठिकाणीं नांव नोंदवून एक गुप्त किल्ली घ्यावी लागते, आणि ती किल्ली घराच्या किल्लीप्रमाणेंच चारचौघांत टाकावयाची नसते.

‘ओपन-मेटिओ’ या नांवाची हवामानाची एक खिडकी आहे. खासगी, बिनव्यापारी उपयोगासाठीं ती किल्लीवांचून उत्तर देते. तिला अंधेरीचें नांव कळविण्याऐवजीं अक्षांश 19.12 आणि रेखांश 72.85 असे कळवावयाचे, तासातासाचें पर्जन्य हवें असें सांगावयाचें, आणि कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणें वेळ हवी तेंही लिहावयाचें. हें सारें एका लांब पत्त्याच्या ओळींत मावतें. 1991 मध्यें खीदो व्हान रोस्सुम या डच संगणकतज्ज्ञानें प्रसिद्ध केलेल्या पायथॉन या संगणकभाषेंत ही ओळ पाठविण्यास आणि उत्तर घेण्यास चार-सहा आज्ञा पुरतात. शाळेंतील मुलांनाही त्या सहज शिकतां येतात.

उत्तर येतें तेव्हां त्याच्या कपाळावर तीन आंकडी खूण असते. 200 म्हणजे विनंती मान्य झाली. 404 म्हणजे या पत्त्यावर मागितलेली वस्तु नाहीं. 429 म्हणजे फार वेळां विचारणा झाली, जरा थांबावें. 503 म्हणजे सेवा तूर्त बंद आहे. नवशिका ही खूण न पाहतांच आंतील मजकूर वाचूं लागतो, आणि दिलगिरीच्या पत्रांत पावसाचे आंकडे शोधीत बसतो. कधीं तर उत्तरच येत नाहीं. म्हणून अमुक सेकंदांपलीकडे वाट पाहूं नये, अशीही आज्ञा आधींच देऊन ठेवावी लागते.

खूण ठीक असली म्हणजे मजकूर वाचावयाचा. हा मजकूर बहुधा ‘जेसन’ नांवाच्या पद्धतीनें लिहिलेला असतो. महिरपी कंसांत नांव आणि त्याचें मूल्य अशा जोड्या असतात, चौकटी कंसांत ओळीनें मांडलेली यादी असते, आणि एका कंसाच्या पोटांत दुसरा कंस असूं शकतो. संगणकापाशीं तो प्रथम नुसती अक्षरांची लांबच लांब माळ म्हणून येतो. ती माळ सोडवून कोणतें पद काय आहे, कोणाचा कोणाशीं संबंध आहे, हें ठरविण्याच्या क्रियेस इंग्रजींत जो शब्द आहे, त्याला मराठी शाळांत एक जुना आणि नेमका प्रतिशब्द पूर्वींपासून आहे: व्याकरण चालविणें. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण 1836 मध्यें प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून मराठी मुलांच्या किती पिढ्यांनीं शब्दाची जात, लिंग, वचन आणि विभक्ति सांगितली असेल! आजचा संगणक तोच पाठ म्हणतो. हें नाम, हें मूल्य. ही संख्या, हा मजकूर. हें एकवचन, ही यादी.

या पाठांत चूक झाली तर परिणाम कसा होतो, तें पाहण्यासारखें आहे. अवतरणचिन्हांत लिहिलेला 12 हा संगणकाच्या दृष्टीनें मजकूर होय, संख्या नव्हे. तसाच अवतरणांतला 3 त्यांत मिळवूं गेल्यास पायथॉन दोन्ही शेजारीं ठेवून 123 असें उत्तर देतो. पंधरा मिलिमीटरची सर एकशें तेवीस मिलिमीटरची होते! तासाची चूक याहून फसवी. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. वेधशाळेचा पर्जन्यदिवस सकाळीं साडेआठ वाजतां संपतो. जागतिक वेळेप्रमाणें तेव्हां तीन वाजलेले असतात. ओपन-मेटिओला देशाची वेळ सांगितली नाहीं, तर ती जागतिक वेळेनेंच उत्तर देते. मग सकाळीं साडेआठची सर पहांटे तीनची समजली जाते, आणि भरती-ओहोटीच्या कोष्टकाशीं ती ताडून पाहणाऱ्याचा सगळाच हिशेब चुकतो. उपनगरांतले नाले खाडीला मिळत असल्यामुळें भरतीची वेळ आणि पावसाची वेळ यांची गांठ पडते कीं नाहीं, हा येथें केवळ कुतूहलाचा प्रश्न नसतो.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. ओपन-मेटिओचे आंकडे गच्चीवरच्या पळीनें मोजलेले नसून वातावरणाच्या गणितानें काढलेले असतात. त्या गणितांत पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. अंधेरी आणि घाटकोपर एकाच चौकोनांत सांपडलीं तर दोहोंना एकच आंकडा मिळतो. उत्तरांत जे अक्षांश-रेखांश परत येतात, ते विचारलेल्या जागेहून थोडे निराळे असण्याचें कारण हेंच. सरासरीचेंही तसेंच. 2005 च्या त्या दिवशींची सांताक्रूझ आणि कुलाबा यांची सरासरी काढली तर ती 508 मिलिमीटरच्या वर भरते. गणित बिनचूक आहे. परंतु तेवढा पाऊस त्या दोहोंपैकीं एकाही ठिकाणीं पडला नव्हता.

परंतु सर्वांत मोठा धोका याहूनही साधा आहे. बोरिवलीच्या एका घराची कल्पना करावी. वडील अंधेरीस कामाला आहेत. मुलगी कॉलेजांत शिकते. तिनें सुटींत पायथॉन शिकून पर्जन्यमापकांचे आंकडे दर पंधरा मिनिटांनीं आणून घरच्या पडद्यावर दाखविणारी आज्ञावली लिहिली आहे. पहिल्या आठवड्यांत ती आज्ञावली वारंवार बंद पडे. कारण कधीं कधीं आंकड्याच्या जागीं कांहींच नसे आणि ‘कांहींच नाहीं’ याची बेरीज संगणकाला करतां येत नसे. मुलीनें युक्ति काढली: जागा रिकामी असेल तर शून्य धरावें. आज्ञावली सुरळीत चालूं लागली. घरांत तिचें कौतुक झालें.

श्रावणांतल्या एका दुपारीं अंधेरीच्या नांवापुढें 11 आला, मग 14 आला, आणि मग 0. पाऊस थांबला, आतां निघा, असें वडिलांना कळविण्यासाठीं मुलीनें फोन हातांत घेतला. आजी तांदूळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, “अगं, चवदावर कोसळणारा पाऊस एकदम शून्यावर कसा येईल? निदान भुरभुर तरी राहील कीं नाहीं?” मुलगी थबकली. तिनें मूळ उत्तर उघडून पाहिलें. तेथें शून्य नव्हतेंच. तेथें रिकामी जागा होती. शून्य तिनें स्वतः घातलें होतें. यंत्राची वीज गेली असेल, तार तुटली असेल. कारण कोणतेंही असो, ज्या घटकेला पाऊस सर्वांत जोराचा, त्याच घटकेला यंत्र मुकें झालें होतें, आणि तिच्या आज्ञावलीनें त्या मौनाचा अर्थ ‘पाऊस नाहीं’ असा लावला होता. तिनें वडिलांना फोन केला: “बाबा, इतक्यांत निघूं नका. पाऊस थांबलेला नाहीं, निरोप थांबला आहे.”

हा विवेक कांहीं नवा नाहीं. वेधशाळा हवामानाचे निरोप तारेनें पाठवीत असत, तेव्हां ते पांच-पांच आंकड्यांच्या सांकेतिक गटांत लिहिले जात. भारतांतील तारसेवा 2013 मध्यें बंद झाली; परंतु हवामानाच्या संकेतांत ती रीत अद्याप आहे. त्या संकेतांत पाऊस नसल्याची खूण वेगळी, मोजतां न येण्याइतका थोडा पाऊस पडल्याची खूण वेगळी, आणि नोंदच उपलब्ध नसल्यास आंकड्याच्या जागीं तिरकी रेघ. एक एक अक्षराची काटकसर करणाऱ्या त्या तारांनींसुद्धां ‘नाहीं’ आणि ‘ठाऊक नाहीं’ यांतला भेद मोडूं दिला नाहीं. जेसनमध्येंही रिक्ततेसाठीं स्वतंत्र शब्द आहे. भेद पुसला जातो तो वाचणाऱ्याच्या उतावळेपणामुळें.

मुलीनें पुढें आज्ञावली बदलली. आतां रिकाम्या जागीं पडद्यावर करड्या रंगांत ‘नोंद नाहीं’ असें येतें, आणि शेवटची खरी नोंद कोणत्या वेळची हें त्याखालीं दिसतें. शिवाय एक यंत्र शून्य सांगत असतां आजूबाजूचीं दोन-तीन यंत्रें भरपूर पाऊस सांगत असलीं, तर त्या शून्यापुढें प्रश्नचिन्ह उमटतें. कारण नरसाळ्यांत पाला अडकला तर यंत्र मुकें होत नाहीं, तें बिनदिक्कत शून्य सांगत राहतें. ही शेवटची सुधारणा आजीच्या प्रश्नावरून सुचलेली आहे.

घरोघरीं आतां असे आंकडे येतात. पावसाचे येतात, हवेच्या शुद्धतेचे येतात, गाड्यांच्या वेळांचे येतात. प्रत्येकानें पायथॉन शिकावें असें नाहीं. परंतु पडद्यावरील आंकडा पाहतांना चार प्रश्न विचारण्याची संवय घरांतील मोठ्यांनीं मुलांना लावावी: हा आंकडा कोठला, केव्हांचा, मोजलेला कीं गणितानें काढलेला, आणि हें शून्य यंत्रानें सांगितलेलें आहे कीं कोणीं मागाहून भरलेलें आहे? या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून कोणालाही भर पावसांत घराबाहेर काढूं नये.