स्वकीयांवर उठलेले सैन्य
(संघाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले व्याख्यान)



विषय वैद्यकाचा आहे. परंतु तो आपल्या वधूवर नोंदवहीपर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे ओघाने दिसेलच.

परक्या जंतूंचा नाश करण्यासाठी आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींचे सैन्य अहोरात्र सज्ज असते. आपले कोण व परके कोण, या ओळखीतच घोटाळा झाला म्हणजे हेच सैन्य स्वतःच्या अवयवांवर चालून जाते. या विकारांना ऑटोइम्यून, अर्थात स्वयंप्रतिकाराचे विकार, म्हणतात. असे काही घडणे निसर्गच टाळतो, असे विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले, आणि त्या मताच्या वजनाखाली संशोधन कित्येक वर्षे दबून राहिले. पुढे १९५६ साली लंडन येथे रॉइट, डोनियक प्रभृतींनी थायरॉइडच्या एका विकारात रुग्णाच्या रक्तातच त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली. आपल्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली ‘घाटी’, त्याच वर्षी सुरू झाले, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

या विकारांचे ढोबळ वर्ग दोन. काहींचा रोख एकाच अवयवावर असतो: बालपणी होणाऱ्या मधुमेहात बहुधा स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच मारल्या जातात. दुसरे सर्वांगव्यापी. ल्यूपस या विकारात प्रतिद्रव्यांची जाळी मूत्रपिंडात अडकून दाह होतो, आणि पीडितांत दर दहांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. संधिवाताच्या एका प्रकारात सांध्याचे अस्तर सुजून अखेर हाडही झिजते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी आरंभिलेल्या पाहणीत हा प्रकार दर हजार प्रौढांत सुमारे पाच जणांत आढळला. सकाळी तासभर बोटे वळत नाहीत आणि सून ‘आळस करते’ असे घरात बोलले जाते, तेथे आधी वैद्यास दाखवावे. सर्वत्र नाशच होतो असेही नाही. ग्रेव्हज् नामक विकारात प्रतिद्रव्ये थायरॉइडला उलट चाबूक मारून अतोनात राबवितात.

आता कोडाकडे वळू. कोड हाही याच कुळातला. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचेच सैनिक मारतात, एवढेच तेथे घडते. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने ते होते ही समजूत निराधार आहे. ते स्पर्शाने पसरत नाही. ‘श्वेतकुष्ठ’ या नावाने तर फारच अनर्थ केला आहे. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो व त्याच्या चट्ट्याची संवेदना बहुधा जाते, कोडाच्या डागाची जात नाही. (कुष्ठरोगही औषधांनी बरा होतो, आणि घटस्फोटाचे कारण म्हणून तो हिंदू विवाह कायद्यातून २०१९ साली वगळण्यात आला.) कोडाकडे कल आनुवंशिक असू शकतो, हे आम्ही लपवीत नाही, तथापि कोड असलेल्या आईबापांच्या बहुसंख्य मुलांना ते होत नाही. अशा व्यक्तीची थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्यावी.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता’ ही संस्था काढून कोड असलेल्यांना एकत्र आणले व त्यांचे वधूवर मेळावेही भरविले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट याच विषयावरचा. आपल्याकडे अजून डाग पदराखाली झाकून मुलगी दाखविली जाते, लग्नानंतर तो दिसतो आणि फसवणुकीचा बोभाटा होतो. त्यात दोष मुलीचा किती आणि तिला झाकावयास लावणाऱ्या आपला किती?

आपल्या वधूवर नोंदवहीत कोड हे ‘व्यंग’ या रकान्यात लिहिले जाते. ते तेथून काढून ‘प्रकृती’ या रकान्यात, मधुमेह व थायरॉइड यांच्या शेजारी, लिहावे आणि हा बदल येत्या नोंदणीपासूनच व्हावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहोत.