खिशातल्या चाकूचे पोलाद



वसंत व्याख्यानमालेच्या ज्या व्यासपीठावर वेदान्त आणि इतिहास यांवर बोलणारे विद्वान येऊन गेले, तेथे चाकूच्या पात्यावर बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते अकोल्याच्या जिनात आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांतून. जिनातही एक ‘नाइफ’ असते, पण ती कापत नाही. रुळाशी टेकून सरकीला अडवते आणि रुई तेवढी पुढे जाऊ देते. कापणारा चाकू कामगाराच्या खिशात असतो. पोत्याची सुतळी, पेन्सिलीचे टोक, दुपारचा कांदा, सगळ्याला तोच.

हा विषय आमच्या गळ्यात पडला तो मात्र अमरावती जिल्ह्यात. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. तेथे जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. सालीला उलट्या-सुलट्या ‘टी’सारखा चीर द्यायचा, साल हलकेच उचलायची, आत डोळा बसवून पट्टी बांधायची. मजुरी शेकड्यावर, आणि चाकू ज्याचा त्याचा. एका रोपवाटिकेत आम्ही मागणी केली की हत्यार मालकाने द्यावे. बरीच घासाघीस झाली आणि मालकाने मान्य केले. आम्ही विजयी मुद्रेने सही केली.

आठवड्याभरात एक म्हातारा कारागीर आमच्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, हा चाकू चमकते लय, पन कापत नाही. साल फाटून रायली.” फाटल्या सालीत डोळा धरत नाही, आणि न धरलेल्या डोळ्याचे पैसे नाहीत. करारात ‘चाकू’ एवढेच लिहिले होते. कशाचा, ते आम्ही लिहिलेच नव्हते. चूक मालकाइतकीच आमची होती.

मग आम्ही लोहारांकडे बसलो, पुस्तके वाचली. कळले ते असे की ‘स्टेनलेस’ हे एका धातूचे नाव नाही, ते एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. आपल्या ताट-वाटीच्या स्टीलमध्ये कर्ब जवळजवळ नसतोच. त्याला कितीही तापवून पाणी द्या, ते कठीण होत नाही. त्या स्टीलला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून बाजारात जाताना खिशात चुंबकाचा तुकडा ठेवावा. चिकटले म्हणजे पाते चांगलेच, असे मात्र समजू नये. आमच्या चाकूंना चुंबक चिकटत होते. पण कानस लावली की लोण्यासारखा कीस निघे. कर्ब कमी, पाणी त्याहून कमी.

दुसऱ्या टोकाला साधे कर्बाचे पोलाद. शंभर भागांत एक भागाच्या आसपास कर्ब, नीट पाणी दिलेले, मग पुन्हा गवती पिवळा रंग येईपर्यंत तापवून ठिसूळपणा काढलेला. याच्यासारखी बारीक धार नाही. जुन्या कानशीचा चाकू करतात तो याच जातीचा. ट्रकच्या कमानपाट्यात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. ते चिवट, कुऱ्हाडीला उत्तम, पातळ पात्यालाही चालण्याजोगे. पण संत्र्याचा रस लागला की दोन्ही काळी पडतात. शिवाय कलमाचा चाकू एका झाडाचा रोग दुसऱ्याला देतो, म्हणून तो ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवावा लागतो. त्या पाण्यात साधे पोलाद एका दिवसात गंजते. स्टेनलेससुद्धा तसेच ठेवले तर त्यावर टिपके पडतात. लगेच धुऊन पुसावे लागते.

न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली काढले. पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा हा मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात लागला होता. शोध चालला होता बंदुकीच्या नळीसाठी. निघाले ते सुरीचे पाते. हा माणूस आम्हाला जवळचा वाटतो, हे लपवत नाही.

त्या जातीतले मधले पोलाद आम्हाला मान्य झाले: कर्ब सुमारे अर्धा टक्का, क्रोमियम तेरा ते पंधरा टक्के. स्विस सैनिकी चाकूचे पाते साधारण याच घडणीचे असते. ते रॉकवेल मापावर छप्पन्नच्या आसपास कठीण असते. याहून कठीण, महागडी पोलादे आहेत आणि शौकीन लोक त्यांवर तासन्‌तास बोलतात. पण त्यांतल्या काहींना हिऱ्याची सहाण लागते. आमच्या माणसाजवळ असतो निसण्याचा दगड. ज्या पात्याला बांधावर बसून पाच मिनिटांत धार लावता येत नाही, ते पाते त्याच्या कामाचे नाही.

पुढच्या करारात आम्ही कर्बाचा आकडा घातला नाही, कारण तो तपासणार कोण? लिहिले ते असे: कानस घसरली पाहिजे, आणि सकाळी लावलेली धार दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकली पाहिजे. नमुन्याचे चाकू त्या म्हाताऱ्याच्या हातात दिले. त्याने एक पसंत केला, तोच आला. तो स्वतः मात्र अजून कानशीचा जुना चाकू वापरतो, दर वेळी धोतराला पुसून तेलाचा हात फिरवतो. त्याला आम्ही काही म्हटले नाही.

धार लावण्याचा वेळ कामात धरावा, ही मागणी अजून पडून आहे. मालक म्हणतात, धार घरी लावावी. येत्या बहाराआधी पुन्हा बसायचे ठरले आहे.