हक्काची उमेदवारी

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यापुढे वर्षावासाच्या काळात दिलेले भाषण)



नुकतेच आपण महामंगल सुत्ताचे पठण केले. त्या सुत्तात भगवान बुद्धांनी जी मंगले सांगितली आहेत त्यांत बाहुसच्च आणि सिप्प ही दोन अगदी शेजारी शेजारी ठेवली आहेत. बाहुसच्च म्हणजे बहुश्रुतपणा, विद्या. सिप्प म्हणजे कसब, हाताला आणि बुद्धीला मिळून अवगत असलेले धंद्याचे ज्ञान. लग्नकार्यात, नामकरणात, घरभरणीत आपण हे सुत्त म्हणतो. परंतु धम्मदीक्षेनंतरच्या काळात पहिल्या मंगलाची जितक्या निष्ठेने आपण कास धरली तितकी दुसऱ्याची धरली नाही. ती का धरता आली नाही, कोणी धरू दिली नाही आणि आता काय करावयास हवे, एवढाच आज माझा विषय आहे.

तो आजच घेण्याचे कारणही तसेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे आपल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातही लागू झाले आहे. त्यासाठी राज्य शासनाने २०२३ साली जो अभ्यासक्रमाचा आराखडा ठरविला त्यात कार्यप्रशिक्षणास स्थान दिले आहे. मुले त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. त्यास चार श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकास तीस तास, म्हणजे एकंदर एकशे वीस तास विद्यार्थ्याने एखाद्या कारखान्यात, कचेरीत, पेढीवर किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम शिकावयाचे आहे. पूर्वी ही गोष्ट तंत्रनिकेतनातील आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांपुरती होती. आता ती कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही आली.

तत्त्व म्हणून ही गोष्ट चांगली आहे आणि मी तिचे स्वागत करतो. प्रश्न एवढाच की, हे एकशे वीस तास आपल्या मुलाने कोठे घालवावयाचे? ज्याच्या वडिलांची अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिल आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याचे मामा सनदी लेखापाल आहेत त्यालाही पडत नाही. परंतु मूर्तिजापूरच्या गवंड्याचा मुलगा किंवा दर्यापूर तालुक्यातील शेतमजूर बाईची मुलगी हातात महाविद्यालयाचे पत्र घेऊन ज्या दारात उभी राहील, ते दार तिला उघडेल काय? विद्यापीठाने काम शिकणे सक्तीचे केले. काम शिकविणे मात्र कोणावरही सक्तीचे केले नाही. या दोहोंमधील अंतर ओळखीने भरून निघते, आणि ओळख ही या देशात बहुधा जातीच्या वाटेनेच चालते.

ही अडचण आजची नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास गेले. कोलंबिया विद्यापीठातील उच्च शिक्षण त्यांच्या पाठीशी होते. त्यांना पुढे संस्थानच्या अर्थखात्याची जबाबदारी द्यावी, तत्पूर्वी त्यांनी कारभाराचा अनुभव घ्यावा, असा महाराज सयाजीरावांचा मानस होता. म्हणजे विद्वत्तेच्या त्या उंचीवर असूनही बाबासाहेब तेथे एका अर्थी उमेदवार म्हणूनच रुजू झाले होते. पुढे काय झाले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून फेकीत. राहावयास जागा मिळेना. पारशी मुसाफिरखान्यातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. या घटनेकडे आपण अपमानाची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर येथे बाबासाहेबांची पदवी अडविली गेली नव्हती; अडविले गेले ते त्यांचे काम शिकणे.

मुंबईच्या गिरण्यांत तेच चालले होते. विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तेथे आपल्या माणसास प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांस चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्या लोकांस कसब नाही असे म्हणणाऱ्यांनी हा धागा लक्षात ठेवावा.

म्हणूनच मजूरमंत्री झाल्यावर थोड्याच महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांस जे निवेदन सादर केले त्यात केवळ शिष्यवृत्ती मागून ते थांबले नाहीत. कला व कायदा यांच्या पदव्यांनी अस्पृश्यांचा फारसा उत्कर्ष होणार नाही, त्यांस विज्ञान व तंत्रशास्त्र यांचे शिक्षण हवे, असे त्यांनी मांडले, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. त्या निवेदनातून १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिची आठवण आपण ठेवली. उमेदवारीच्या मागणीची आठवण मात्र ठेवली नाही. एका परीने हे समजण्यासारखे आहे. शिष्यवृत्तीचे पैसे हातात येतात, उमेदवारीची जागा शोधावी लागते.

पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला आणि १९७३ साली त्यात ३-अ हे कलम घालून अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याचे बंधन मालकांवर घालण्यात आले. परंतु त्या वेळी केंद्राच्या दृष्टीने आपण कोण होतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य बौद्ध झाला की केंद्राच्या यादीतून बाहेर पडत असे. महाराष्ट्र शासनाने राज्यस्थापनेनंतर नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राने ठेवल्या नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात देशभर जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांत ही मागणी होती. ती मान्य होऊन कायदा बदलावयास १९९० साल उजाडले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या दोन पिढ्यांनी धम्म स्वीकारल्याची किंमत रेल्वेच्या, टपालाच्या आणि केंद्रीय कारखान्यांच्या दारात मोजली. आज ती अट नाही. मग आज जी मुले ‘३-अ’ हे कलम ऐकूनही नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय म्हणावे?

आता आपल्या घरातील आक्षेपाकडे येतो, कारण तो खोटा नाही. एका वृद्ध मातेने मला विचारले, “आमी ढोरं ओढले, लाकडं फोडले, आता पोराच्याबी हातात पाना देता काय जी?” या प्रश्नाची थट्टा करणाऱ्याने आपला इतिहास वाचलेला नाही. गावकीचे काम हे काम नव्हते, ती शिक्षा होती. ते निवडता येत नव्हते, सोडता येत नव्हते आणि त्याचे दाम भाकरतुकड्यात मिळत होते. त्या मातेला मी एवढेच सांगितले की, आई, जे काम तुमचा मुलगा स्वतः निवडील, ज्याचे पैसे ठरवून घेईल आणि जे पटले नाही तर सोडून दुसरीकडे जाईल, ते गावकीच्या कामाचे भावंड नाही. तिचे समाधान झाले की नाही, मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, “पैशे ठरवून घेईन म्हंता, पन देते कोन?” तिचा हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा होता, त्याकडे मी येणारच आहे.

तत्पूर्वी धम्माची साक्ष काढतो. दीघजाणु नावाचा एक कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, याच जन्मी आमचे हित होईल असे काही सांगा. तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितलेली पहिली गोष्ट उट्ठान-संपदा ही होती. शेती असो, व्यापार असो, गोपालन असो, धनुर्विद्या असो, राजसेवा असो की एखादे शिल्प असो, ज्याने मनुष्य जगतो त्यात त्याने दक्ष असावे, आळस करू नये, ते कसे करावे व करवून घ्यावे याचा स्वतः विचार करावा. या यादीत राजसेवा आहे, पण ती सहांतील एक आहे. आपण मात्र ती एकच यादी केली. अमरावतीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेल्या मुलांना मी नावे ठेवीत नाही. सरकारी नोकरीने आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीस कोणाचे मिंधे न होता मान वर करून जगावयास लावले. परंतु कंत्राटी भरतीच्या या दिवसांत तीसाव्या वर्षापर्यंत एकाच दारावर बसून राहणे, आणि त्या काळात दुसरे काहीच न शिकणे, ही दक्षता नव्हे.

आता त्या मातेचा दुसरा प्रश्न. कार्यप्रशिक्षणाच्या नावाखाली काय चालते ते माझ्या कानावर आले आहे. एका वाणिज्य शाखेच्या मुलीने आपले सारे तास एका कचेरीत जुन्या फायलींवर चिठ्ठ्या चिकटविण्यात घालविले. तिला खतावणी पाहू दिली नाही, संगणकास हात लावू दिला नाही, एक छदामही मिळाला नाही. एसटीचे भाडे घरून. दुसऱ्या एका मुलास दुकानदाराने सांगितले की, येऊ नकोस, कागदावर सही करून देतो. एकीकडून फुकट श्रम घेतले जातात, दुसरीकडून खोटे प्रमाणपत्र दिले जाते. दोन्हींत विद्यार्थी रिकाम्या हातांनी परततो. मात्र ज्याच्या घरी सोय आहे त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याने त्या पंधरा-वीस दिवसांची मजुरी बुडवून, सोयाबीनची सोंगणी सोडून हे तास भरले, त्याचे बिघडते. विनावेतन शिक्षण हे गरिबाला दारातच थांबविणारे शिक्षण आहे.

काम शिकणाऱ्यास पैसे द्यावेत हे तत्त्व शासनास मान्य नाही असे नाही. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, पदविका किंवा आयटीआय झालेल्यास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविले. पण ती योजना शिक्षण पुरे केलेल्यांसाठी. महाविद्यालयात शिकत असलेल्या मुलाने तेच काम केले तर त्याला निदान प्रवासभाडे आणि दुपारचे जेवण तरी मिळू नये काय? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीबरोबर कार्यप्रशिक्षणाचा भत्ता मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी विद्यापीठाकडे आणि समाजकल्याण खात्याकडे लेखी केली पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर परतीच्या बसची वेळ पाहूनच कामाची वेळ ठरविली पाहिजे; पातूर-बाळापूरकडील मुलीस सायंकाळी सातपर्यंत अकोल्यात थांबवून ठेवणे म्हणजे तिला घरी बसविण्याचीच व्यवस्था होय.

शिकण्यासारखे आपल्या भोवती थोडे आहे काय? अकोल्याच्या डाळ मिलमध्ये तूर आल्यापासून ती चाळणे, भिजवणे, वाळवणे, भरडणे, प्रतवारी करणे आणि पोत्यावर लेबल लागेपर्यंत किती विद्या आहे! वाणिज्याच्या मुलाने तेथे आवक-जावक, ओलाव्यामुळे येणारी घट आणि जीएसटीचे हिशेब शिकावेत. रसायनशास्त्राच्या मुलीने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात माती परीक्षण शिकावे. जिनिंगमध्ये रुईचा धागा किती लांब, ओलावा किती, सरकीचा उतारा किती, हे ज्याला हाताने कळते त्याचे मोल बाजार करतो. बडनेऱ्यास रेल्वेचा मालडबे दुरुस्तीचा कारखाना झाला आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली रेल्वे कारखान्यांकडे बोट दाखविले होते, त्याची आठवण तेथे मागणी करताना ठेवावी. पारसला वीजनिर्मिती केंद्र आहे. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना हा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर सुमारे एकशे पाच तासांत घालून जागतिक विक्रम झाला. अशा कामावर स्थापत्य शाखेच्या मुलांना आठवडाभर नुसते उभे राहू दिले असते तरी ते वर्षभराचे शिक्षण झाले असते.

आणि ज्या विद्यापीठाचे आपण विद्यार्थी, त्याला नाव आहे हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांचे. पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करणारा तो संत होता. त्याच्या नावाच्या विद्यापीठात हाताच्या कामाचे तास खोट्या सहीने भरले जावेत, हे बरे दिसत नाही.

भगवंतांनी दीघजाणुस सांगितलेल्या चार गोष्टींत कल्याणमित्तता हीही एक होती. चांगल्या माणसांची संगत. आपल्यातून आज बँकेत अधिकारी आहेत, महावितरणमध्ये अभियंते आहेत, प्रयोगशाळांत तंत्रज्ञ आहेत, न्यायालयांत वकील आहेत, स्वतःची गॅरेजे व छापखाने चालविणारेही आहेत. त्यांनी वर्षातून दोन विद्यार्थी आपल्या हाताखाली घ्यावेत. जयंतीच्या वर्गणीपेक्षा हे दान मोठे आहे, असे म्हटल्याने कोणास राग आला तरी माझी हरकत नाही.

विद्यार्थ्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांचे पदवीधरही शिकाऊ उमेदवार होऊ शकतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तेव्हा ‘आमच्याकडे जागा नाही’ असे उत्तर मिळाले की, आपली आस्थापना किती कामगारांची आहे, असे नम्रपणे विचारावे. केंद्राच्या आस्थापनांसाठी बौद्ध धर्मांतरितांचा जातीचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो; तो पदवीच्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता आताच काढावा. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी: आज कोणते काम दाखविले, कोणते करू दिले, कोणते नाकारले, किती वाजता आलो, किती वाजता सुटलो. महिनाअखेर त्या वहीची प्रत प्राचार्यांस द्यावी. तक्रार करण्याची वेळ आली तर अश्रूंपेक्षा वही उपयोगी पडते.

या सभेनंतर विहाराच्या ओसरीवर दोन मेजे मांडली आहेत. एका मेजावर ज्यांस उमेदवार घेता येतील त्यांनी आपले नाव, धंदा आणि किती जणांस शिकविता येईल तो आकडा लिहावा. दुसऱ्यावर ज्यांस जागा हवी आहे त्या विद्यार्थ्यांनी शाखा, वर्ष, गाव आणि परतीच्या बसची वेळ लिहावी. पुढच्या पौर्णिमेस दोन्ही याद्या येथेच जुळवून पाहू. मुलींची नावे आधी घेतली जातील.

जय भीम.